खाडा आणि खडा

कुशीवर वळलं की घर फिरतं, असं तुम्हाला होत असेल तर हे शेवटपर्यंत वाचा. आजारातून उठलेली माणसं असलं काही लिहायला बसतात ती दुसऱ्याचं भलं व्हावं म्हणून. मीही तसंच म्हणायला हवं. पण मला खोटं बोलायचा कंटाळा आलाय. मी हे डूख धरून लिहितेय. त्यातून तुमचं भलं झालं तर चांगलंच आहे.

मी शालन. माजलगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली. दहावी झाले, लगेच लग्न झालं आणि लग्नानंतर दरवर्षी दिवाळी सरली की ऊसतोडीला. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. बायको आजारी पडली की तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कोणी विचारत नाही. कामावर न गेलेल्या दिवसाला म्हणतात खाडा. खाडा पडला की मुकादम दंड लावतो. हा शब्द लक्षात ठेवा, पुढं लागेल.

फळी

पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी रुसला होता. धरणाच्या पोटातला गाळ भेगाळून वर आला होता. ज्यांच्याकडं पाण्याचा ऊस होता त्यांनीसुद्धा तो कापून छावणीतल्या जनावरांपुढं टाकला. त्यामुळं कधी गाव न सोडणारी माणसंही त्या साली कोयता घेऊन निघाली. आमचा मुकादम घरचाच होता. तो माझ्या सासूच्या बहिणीचा मुलगा, मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, थोरला मावसभाऊ, म्हणून मी त्याला भाऊजी म्हणायची. गावच्या दूध सोसायटीचा चेअरमनही तोच. म्हणजे उन्हाळ्यात दुधाला आणि हिवाळ्यात उसाला, आम्हाला त्याच्याच दारात उभं राहावं लागायचं.

तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन लाकडी फळीवरून ट्रकवर चढायचं असतं. एका सकाळी फळी दवानं ओली होती. माझा पाय सटकला आणि डोक्याची मागची बाजू ट्रकच्या फाळक्यावर आदळली. रक्त आलं नाही. कोणीतरी पाणी दिलं, कोणीतरी हळद चेपली, आणि मी पुढची मोळी उचलली. आता वाटतं, रक्त आलं असतं तर बरं झालं असतं. आमच्याकडं रक्त दिसल्याशिवाय कोणी दुखणं मानत नाही.

थोड्या दिवसांनी कोपीत, म्हणजे आमच्या पाचटाच्या झोपडीत, पहाटे उठायला म्हणून उजव्या कुशीवर वळले आणि कोपी फिरली. थोडी हलली असं नाही, जात्यासारखी गरगरली. मी दोन्ही हातांनी जमीन धरली तर जमीनही हातातून निसटायला लागली. ओरडायला तोंड उघडलं तर उलटी झाली. मग सगळं आपोआप थांबलं. मालक चुलीजवळ बसले होते, ते धावत आले.

"काय झालं?"

"घर फिरलं."

"घर कुठं हाय इथं?" ते म्हणाले, आणि घाबरून हसले.

मुकादम दुपारी येऊन गेला. कोपीच्या तोंडाशी उभा राहून त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मालकांना म्हणाला, "आज खाडा पडला. उद्या पडू देऊ नगंस."

घर फिरताना

या आजाराची खोड अशी की सरळ बसलेल्या माणसाला काहीच होत नाही. गप्पा माराव्यात, भाकरी खावी, हसावं. त्यामुळं बघणाऱ्याला वाटतं ढोंग आहे. मान वर केली, खाली वाकले किंवा झोपेत वळले की मात्र सगळं सुटायचं. मोळी बांधायला वाकायचं, मोळी उचलायला वर बघायचं. उसाचं काम म्हणजे वर आणि खाली मान हलवणंच.

हंगाम संपवून गावी आलो तर टँकर सुरू झाले होते. टँकरवाला वरून पाइप सोडायचा, त्याच्याकडं वर बघितलं की माझा तोल जायचा. बायकांनी मला रांगेत पुढं सोडावं असं मला वाटायचं, पण पाण्याच्या रांगेत कोण कोणाला सोडतं? एकदा मी भरल्या हंड्यासकट खाली बसले आणि हंडा लवंडला. तेव्हा ज्या शिव्या पडल्या त्या पाण्यासाठी होत्या, माझ्यासाठी कोणी थांबलं नाही. वलणीवर कपडे टाकणं, फडताळातला डबा काढणं, वेणी घालताना मान झुकवणं, सगळं भिंत धरून. विहिरीकडं जाणं मी बंदच केलं. तोल गेला तर मेले म्हणून रडतील की जीव दिला म्हणून बोलतील, याची मला खात्री नव्हती.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या, अमावस्येला लिंबू टाकलं, आणि गुण आला नाही तेव्हा म्हणाल्या, "तुझ्या अंगात कामाचा आळस भरलाय." त्या मनानं वाईट नाहीत. त्यांच्या काळात आजारी पडायची सोयच नव्हती, त्यामुळं ती कोणी घेतली की त्यांना राग यायचा.

सगळंच वाईट नव्हतं. मालकांनी एकदा काही न बोलता दोन पोत्यांत कडब्याचा चुरा भरला आणि माझ्या दोन्ही बाजूंना लावला, म्हणजे झोपेत मी वळू नये. त्या दोन पोत्यांच्या मधे मी कित्येक महिने झोपले. आजही या माणसावर रागावले की मला ती पोती आठवतात आणि राग अर्धा होतो. अर्धाच.

पिशवी

पुढचा हंगाम तोंडावर आला तेव्हा मुकादम आम्हाला तालुक्याच्या गावी एका खासगी डॉक्टरकडं घेऊन गेला. त्या डॉक्टरचं नाव मी लिहीत नाही. भीती वाटते म्हणून नव्हे. माझ्या हातानं ते नाव कागदावर उमटलेलं मला बघवणार नाही.

चक्कर कधी येते, कशी येते, किती वेळ राहते, एक अक्षर त्यानं विचारलं नाही. विचारलं ते असं: पाळी नीट येते का? पोटात दुखतं का? अंगावरून पांढरं जातं का? उसाच्या फडात दिवस काढणाऱ्या कुठल्या बाईचं जात नाही? मी हो म्हटलं. त्यानं पोटावरून मशीन फिरवलं आणि माझ्याशी न बोलता मुकादमाशी बोलला. पिशवीला सूज आहे, खराब झालीय, आज ना उद्या कॅन्सर होईल. चक्कर त्यामुळंच येते.

"डॉक्टरसायेब, चक्कर तर डोक्यात येते," मी म्हटलं.

"सगळं एकमेकाला जोडलेलं असतं बाई."

मुकादम म्हणाला, "दोन लेकरं झाली ना तुझी? मग आता काय करायचीय पिशवी? पाळी न्हाई, दुखणं न्हाई, खाडा न्हाई."

त्यानं हे तीन 'न्हाई' एका दमात म्हटले. मी तेव्हा तीस वर्षांचीही नव्हते. आत्याबाई म्हणाल्या, काढून टाक, गल्लीतल्या निम्म्या बायांनी काढलीय. मालक माझ्याकडं बघत राहिले. कॅन्सर हा शब्द ऐकून ते हादरले होते. मी अंगठा नाही, चांगली सही केली. दहावी पास ना.

ऑपरेशननंतर पडून होते. टाके ओढायचे म्हणून बरेच दिवस उताणीच होते. मग एका दुपारी नर्सनं सांगितलं, आता कुशीवर वळायला हरकत नाही. मी हळूच उजवीकडं वळले.

छत फिरलं. पंखा, खिडकी, सलाइनची बाटली, सगळं एकामागून एक फिरायला लागलं.

"भूल उतरायला वेळ लागतो कुणाकुणाला," नर्स म्हणाली.  मी खाटेची लोखंडी पट्टी धरून पडले होते आणि मला नीट कळलं होतं की माझ्या पोटातून जे गेलं त्याचा आणि या फिरण्याचा काही संबंध नव्हता. त्या दुपारी मला पहिल्यांदा कोणाला तरी मारावंसं वाटलं.

तुम्ही फिरता की घर?

त्यानंतरची तीन वर्षं मी थोडक्यात सांगते. चक्कर कधी महिनाभर गायब व्हायची, मग परत यायची. तिच्या जोडीला कंबरदुखी आली, अंगातून वाफा निघायला लागल्या, चिडचिड वाढली. मालक आणि मी भांडायला लागलो, आधी कारणानं आणि मग सवयीनं. ऊसतोड मी तशीच केली, मोळी बांधली पण फळीवर चढले नाही. माझ्या वाटची फळी मालक चढायचे.

यंदाच्या उन्हाळ्यात दूध घालायला जाताना किटलीसकट पडले. गावातल्या आशाताई तिथंच होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात कानाच्या डॉक्टरला दाखवू." मला वाटलं ही बाईही वेडी झाली. डोकं फिरतंय, पिशवी काढली, आता कान राहिला होता.

कानाच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. केस कसेतरी बांधलेले, चेहरा दमलेला. त्यांचा पहिला प्रश्न: "चक्कर म्हणजे नक्की काय होतं? डोळ्यांपुढं अंधारी येते, तोल जातो, की घर फिरतं?"

एवढ्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. 

"घर फिरतं," मी म्हटलं.

"झोपेत वळल्यावर? वर बघितल्यावर? आणि थोड्या वेळात थांबतं?"

मी आशाताईंकडं बघितलं. यांना आधी सांगितलं होतं की काय? पण त्याही माझ्याकडंच बघत होत्या.

मग तपासणी. पाय जोडून डोळे मिटून उभी राहा. फरशीच्या रेघेवरून चाल. डोळे मिटून जागच्या जागी पावलं टाक. डोळे उघडले तर मी डॉक्टरीणबाईंसमोर नव्हतेच, भिंतीकडं तोंड करून कवायत करत होते. मला हसू आलं, त्याही हसल्या. मग त्यांनी मला खाटेवर बसवलं, माझं डोकं दोन्ही हातांत धरून उजवीकडं वळवलं आणि म्हणाल्या, "आता मी तुम्हाला एकदम मागं झोपवणार आहे. फिरेल. डोळे मात्र मिटायचे नाहीत. मला डोळेच बघायचेत."

डोकं खाटेच्या कडेवरून खाली लोंबलं आणि दवाखाना फिरला. मी त्यांची बाही मुठीत धरली. त्या माझ्या डोळ्यांत वाकून बघत होत्या आणि म्हणाल्या, "सापडलं."

त्यांनी सांगितलं ते असं: कानाच्या आत, पार खोल, तोल सांभाळायची जागा असते. तिथं अगदी बारीक खडे असतात. डोक्याला मार लागला की, कधी कधी उगाचसुद्धा, ते जागचे सुटतात आणि नको त्या नळीत जातात. मान हलली की ते घरंगळतात आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय.

"मग आता?" मी विचारलं.

"आता त्यांना परत जागेवर नेऊ." त्यांनी माझी मान या बाजूला, मग त्या बाजूला वळवली, मला कुशीवर केलं, थांबल्या, मग उठवून बसवलं. परत झोपवून पाहिलं. छत जागेवर होतं. पंखा जागेवर होता.

"झालं?"

"झालं. परत येऊ शकतं, आलं तर या."

मी रडायला लागले. त्यांना वाटलं आनंदानं रडतेय. त्यांनी पाठीवर हात ठेवला. मी म्हटलं, "मॅडम, पिशवी परत बसवता येती का हो?"

त्यांना आधी कळेना. मग आशाताईंनी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "पाळी लवकर गेली की हाडं ठिसूळ होतात. कॅल्शियम चालू करते. हाडं ठिसूळ झाली तर हे खडेसुद्धा जास्त सुटू शकतात."

म्हणजे ज्या चकरेसाठी पिशवी काढली, ती चक्कर पिशवी काढल्यानं वाढायची. खाडा पडू नये म्हणून माझं पोट कापलं, आणि दोष कानातल्या खड्याचा होता. एका कान्याचा फरक, पण तो बघायला कोणी वाकलं नाही.

डूख

घरी येताना एसटीत खिडकीला डोकं टेकून मी फक्त सूड आठवत होते. त्या दवाखान्याच्या पाटीला शेण फासावं. त्या डॉक्टरला खाटेवर पालथं घालावं. पण चौकशी केली तर पाटी केव्हाच उतरली होती आणि तो दुसऱ्या जिल्ह्यात गेला होता. उरला मुकादम.

मालक म्हणाले, "सोड आता. बरी झालीस ना? त्याला तरी काय ठाऊक व्हतं? दिवाळीनंतर त्याच्याच टोळीत जायाचंय."

त्याला काय ठाऊक होतं, हे खरंच होतं. त्यामुळं मी थोडी गार झाले होते. मग श्रावणात मुकादमाच्या घरी सत्यनारायणाला गेले. त्याच्या बायकोला, अक्काला, सहज सांगितलं की कानातला खडा होता, मान फिरवली आणि बरं झालं. अक्का एकदम म्हणाली, "अगं, ह्यांना बी तसंच झालतं की गेल्या साली! लातूरला गेलते. डॉक्टरनं मान फिरवली आन दोन मिन्टात खलास. तुला सांगितलं न्हाई का त्यांनी?"

माझ्या हातातला प्रसाद तसाच राहिला.

गेल्या साली. म्हणजे मी किटली घेऊन भिंत धरत चालत होते, रोज त्याच्या सोसायटीत दूध घालत होते, तेव्हा त्याला ठाऊक होतं. सांगायला एक वाक्य लागलं असतं. आणि घरी आले तर धाकटी जाऊ गोदावरी, आमची गोदी, भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "बाई, मला बी चक्कर यायलीय. मुकादम भाऊजी म्हनले, हंगामाच्या आत दुसऱ्या एका डॉक्टरकडं पिशवी काढून घेऊ. सोसायटीची सभा झाली की सोमवारी जायचंय."

गोदी माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिला एकच मुलगी.

मी दिराला सांगितलं, मालकांना सांगितलं, अंबाजोगाईला चला म्हटलं. दोघांचं उत्तर एकच: मुकादमाला दुखवलं तर हंगामाची आगाऊ उचल कोण देणार? मुकादम सांगेल तसं. मग मी मुकादमाशीच बोलायचं ठरवलं. पण त्याच्या दारात नाही.

ऐनवेळचा विषय

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात होते. अनुदानासाठी बायका सभासद दाखवाव्या लागतात, म्हणून चेअरमननं आमच्या नावावर गायी लावून आम्हाला सभासद केलं होतं. बायका येतात, सह्या करतात, चहा-चिवडा घेऊन जातात. सभेत शेवटचा विषय नेहमी तोच असतो: 'अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे विषय'. तो वाचला की सगळे चपला शोधायला लागतात.

सेक्रेटरीनं तो वाचला. मी उभी राहिले.

"मला विषय मांडायचाय."

मुकादम खूश झाला. बाई बोलली की फोटो चांगला येतो. "बोल की शालन. दुधाचा भाव ना?"

"न्हाई. चक्कर."

पुरुषांच्या बाजूला हशा पिकला. मालकांनी मान खाली घातली.

"भाऊजी, गेल्या साली तुमाला चक्कर येत व्हती. खरं का खोटं?"

"येत व्हती. लई बेकार. का बरं?"

"मग तुमी काय केलं?"

"लातूरला गेलतो. मोठा डॉक्टर हाय त्यो." तो सभेकडं वळून सांगायला लागला, त्याला भाषणाची सवय. "कानातला खडा सुटलाय म्हनला. मान अशी फिरवली, अशी फिरवली, दोन मिन्टात काम! आपरेशन न्हाई, काही न्हाई."

"मला बी चक्करच येत व्हती," मी म्हटलं. मान वर केली तरी मांडव जागेवर होता. "तुमी मला लातूरला न्हाई नेलं. माझी पिशवी काढली. खडा तसाच राह्यला. आता सोमवारी गोदीची काढायची हाय, तिला बी चक्करच येते. चक्कर आली की पिशवी काढायची असती, तर भाऊजी, सभेला एवढंच सांगा. तुमचं काय काढलं?"

  मुकादमाचं तोंड उघडं होतं, त्यातून भाषण येत नव्हतं. मग बायकांच्या मागच्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला. आत्याबाईंचा. त्याच्या सख्ख्या मावशीचा.

"सांग की रे पोरा. काय काढलं तुझं?"

आधी बायका हसल्या. ते हसू चांगलं नव्हतं. पदर तोंडाला लावून हसणाऱ्यांत निम्म्या जणींच्या पोटावर माझ्यासारखाच टाका होता. मग पुरुषही हसले, आणि मुकादम उठून 'सभा संपली' असं म्हणाला. पण सभा संपली नव्हती. ती तिथून पारावर गेली, हॉटेलात गेली, तेलगावच्या बाजारात गेली. त्याच्या तोंडावर कोणी बोलत नाही. तो गेला की मागं कोणीतरी हळूच विचारतं, काय काढलं?

जागेवर

त्याची किंमत पडलीच. त्यानं आम्हाला टोळीतून काढलं. मालक बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एके दिवशी म्हणाले, "तेलगावचा एक मुकादम कोयते शोधायलाय," आणि मला कळलं की निवळले.

गोदी सोमवारी गेली ती अंबाजोगाईला. सभेनंतर दीरही आडवा आला नाही. तिथंही तोच प्रश्न विचारला: घर फिरतं की अंधारी येते? अंधारी येते, ती म्हणाली. तिच्या कानात काही नव्हतं, अंगात रक्त कमी होतं. लोहाच्या गोळ्या दिल्या, गूळ-शेंगदाणे खा म्हणाले. पिशवी जिथल्या तिथं आहे. म्हणून तुम्हाला सांगते, दवाखान्यात नुसतं 'चक्कर येते' म्हणू नका. काय फिरतं, कधी फिरतं, किती वेळ फिरतं, ते सांगा. कोणी विचारत नसेल तर उठून बाहेर या.

मला मध्यंतरी एकदा परत फिरलं. गेले, मान फिरवून घेतली, आले. दोन पोती मी अजून टाकली नाहीत, माळ्यावर आहेत.

लोक म्हणतात, आता झालं गेलं विसर. मी विसरणार नाही आणि माफही करणार नाही. कोणी माझी पिशवी परत आणून दिली तर विचार करीन. मुकादम रस्त्यात भेटतो. पूर्वी तो माझ्याकडं बघायचा नाही कारण गरज नव्हती, आता बघवत नाही म्हणून बघत नाही. मी समोरून आले की तो मान दुसरीकडं वळवतो. वळवा भाऊजी, रोज वळवा. तुमच्या डॉक्टरनं सांगितलंच असेल, मान वळवत राहिलं की खडा कधी ना कधी जागेवर जातो.